ताटलीतले चिंचोके

स्टीलच्या ताटलीत चिंचोका पडला की टण्ण वाजायचं, आणि मागून बाईंचा आवाज यायचा, "मावशी, तुम्ही थांबल्या. चूक माही."

थांबायचे मी, आणि चूक त्यांची. मी उभ्या आयुष्यात 'चूक माझी' असं कोणाला म्हटलेलं नाही. नवऱ्याला नाही, सासूला नाही, सुनेला तर नाहीच. जी बाई दिवसातून वीस वेळा आपणहून चूक कबूल करते तिच्या डोक्यात काहीतरी फरक असावा, असं मी धरून चालले होते.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. वर्ध्याहून सेवाग्रामला जाणाऱ्या रस्त्यावर एका संस्थेचं ऑफिस होतं. संस्थेचे खेड्यांमध्ये अकरा छोटे दवाखाने होते. मी ऑफिसात झाडायची, चहा करायची, दुपारचा स्वयंपाक करायची. शिक्षण चौथी. बाई तिथे टायपिस्ट होत्या. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्याचं कारण पुढे येईल.

आधी बाईंचा हिंगणघाटला टायपिंगचा क्लास होता. नव्वदच्या सालांत तिथे सकाळी सहापासून टकटक सुरू व्हायची म्हणतात. शिकणाऱ्याच्या हातांवर बाई एक फडकं टाकायच्या, म्हणजे अक्षरांकडे बघायची सोय नाही. "बोटाले डोळा असते," म्हणायच्या. मग कॉम्प्युटर आले आणि टायपिंगची मशीनं भंगारात गेली. बाईंनी फडकं घडी करून पिशवीत टाकलं आणि आमच्या ऑफिसात पत्रं टाइप करायला आल्या. लग्न केलेलं नव्हतं. मी पहिल्याच दिवशी विचारलं, काऊन नाई केलं म्हणून.

"वेळ नाई भेटला."

पुन्हा मी विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नसतं. असं उत्तर देणाऱ्या माणसाकडे आणखी विचारायला काही उरत नाही.

ऑफिसात एक इंजिनीअर होता. त्याने दवाखान्यांतल्या औषधांसाठी कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम बनवला. कोणत्या गावात कोणतं औषध किती उरलं, कशाची तारीख उलटत आली, सगळं पडद्यावर दिसायचं. वहीच्या काळात मी स्वतः ऑफिसामागे खड्डा करून तारीख गेलेल्या औषधांच्या बाटल्या पुरल्या आहेत. एका गावात बाटल्या कपाटात सडायच्या आणि दुसऱ्या गावात तापाने फणफणलेल्या पोराला द्यायला गोळी नसायची. त्यामुळे प्रोग्राम कामाचा होता, एवढं मलाही कळत होतं. पण इंजिनीअरला पुण्यात नोकरी लागली. जाताना म्हणाला, "सगळं सोपं आहे, अडलं तर फोन करा." दोन महिन्यांनी तो फोन उचलेनासा झाला.

मग सगळे फोन बाईंना यायला लागले. बाईंनी तोवर प्रोग्राम आतून-बाहेरून पाठ केला होता. जेवणाचा डबा उघडला की फोन, तोंड धुवायला गेल्या की फोन. एक दिवस सचिवसाहेब त्यांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"बाई, हे असं नाही चालत. उद्या तुम्ही आजारी पडल्या तर अकरा दवाखाने आंधळे. दिवाळीच्या सुटीआधीची मोजणी तुम्हाला एकही फोन न करता झाली पाहिजे. नाही झाली तर पुन्हा वह्या."

बाई उठल्याही नाहीत. "होईल," म्हणाल्या.

आणि त्यांनी सगळं लिहून काढायला घेतलं. औषध आलं तर काय करायचं, संपलं तर काय, महिना कसा बंद करायचा, वीज गेली तर काय. प्रत्येक कामाचं एक पान. या पानांची वेबसाइट करायची आणि ती सगळ्या दवाखान्यांत पोचवायची. एकदा ती पोचली की बाई असोत नसोत, प्रोग्राम चालला पाहिजे. बाईंच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

हे कसं करतात ते मला कळलं तसं सांगते. एका कामाची एक फाइल. आत नुसती अक्षरं. रंग नाही, चौकट नाही, जाड-बारीक नाही. मथळ्याच्या आधी एक जाळीसारखी खूण, यादीतल्या प्रत्येक ओळीआधी एक आडवी रेघ. बस. जाणाऱ्या इंजिनीअरने एक लहानसा प्रोग्राम मागे ठेवला होता. त्याला हुकूम दिला की तो सगळ्या फायली वाचायचा आणि त्यांची वेबसाइट तयार करायचा. मथळे मोठे, बाजूला अनुक्रमणिका, एका पानावरून दुसऱ्यावर जायला निळे शब्द. फाइलमध्ये एक शब्द बदलून पुन्हा हुकूम दिला की वेबसाइट नवी.

"मावशी, फाइल म्हणजे पीठ आणि वेबसाइट म्हणजे भाकर," बाई म्हणाल्या. "भाकर शिळी झाली तर टाकून द्यायची. पीठ जपायचं."

हे मला लगेच समजलं. गावांत इंटरनेट नव्हतं, म्हणून ती भाकर सीडीवर भरून एसटीच्या कंडक्टरच्या हाती जायची.

साहेबांना ती पानं फार रोडकी वाटली. "वर एखादं फूलबिल टाका, बाई. जरा रंग द्या."

"फूल पाहून गोळी सापडते काय साहेब?"

साहेब चहा घेऊन आत गेले.

पहिली तीस पानं बाईंनी टायपिंगच्या जुन्या फाँटात लिहिली होती. देवळीच्या दवाखान्यात सीडी उघडली तर पडद्यावर मराठीचं एक अक्षर नाही, सगळ्या इंग्रजी खुणा आणि ठोकळे. तो फाँट त्यांच्याकडे नव्हता. कोणत्याही कॉम्प्युटरवर दिसेल अशी मराठी लिहायची नवी तऱ्हा तेव्हा आली होती. बाईंनी ती शिकून तीसची तीस पानं पहिल्यापासून टाइप केली. कपाळावर आठीसुद्धा नाही. मी असते तर इंजिनीअरच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

आता चिंचोके. एका सकाळी मी झाडू घेऊन आत गेले तर बाईंनी आपली खुर्ची रिकामी केली.

"मावशी, बसा इथं."

"मले झाडायचं हाय."

"झाडजा मागून. हे पान वाचा आणि त्यात लिहिलं ते करा."

"मले कॉम्प्युटर नाई येत."

"म्हणूनच तर बसवून राह्यली तुमाले."

त्या माझ्या मागे स्टुलावर बसल्या. मांडीवर ताटली, मुठीत चिंचोके. ऑफिसच्या कुंपणाला चिंचेचं झाड होतं, तिथलेच वेचलेले. नियम असा की मी वाचायचं, करायचं, आणि बाईंनी तोंडातून शब्द काढायचा नाही. मी जिथे थांबेन तिथे एक चिंचोका ताटलीत. ज्या पानाला एकही चिंचोका पडला नाही ते पान पास.

पहिल्या पानाला एकोणीस पडले. मला राग आला. "या वयात मले परीक्षा द्यायची नाई."

"परीक्षा तुमची नाई, पानाची आहे. इथं काऊन थांबल्या?"

पानात लिहिलं होतं, 'आवश्यक त्या रकान्यात योग्य ती नोंद करावी.'

"आवश्यक कोणता ते तुमाले माहीत. मले काय माहीत?"

बाईंनी तिथल्या तिथे खोडलं आणि लिहिलं, 'दुसऱ्या रकान्यात गोळ्या किती आहेत तो आकडा लिहा.' दुसऱ्या जागी होतं, 'नंतर नेहमीप्रमाणे बाहेर पडावे.' मी म्हटलं, "बाई, मी आत कधी गेलती, तर नेहमीप्रमाणे बाहेर पडू?" त्या इतक्या हसल्या की ताटली सांडली. पण ती ओळही गेली.

असं रोज चाललं. झाडणं अकरा वाजता व्हायला लागलं. साहेबांनी विचारलं तर बाई म्हणाल्या, "मावशीले जे समजते ते अकरा गावांत समजते." मला तो मान आहे की टोमणा, ते कळलं नाही. आजही नक्की सांगता येणार नाही.

ऑक्टोबर लागला आणि माझी बहीण आजारी पडली. मी आठ दिवस पुलगावला गेले. परत आले तर महिना बंद करायचं पान बाईंनी पाठवूनसुद्धा दिलं होतं. ताटलीत न तपासता. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. मी ते पान वाचून करायला बसले. आधी महिना बंद करा, मग शिल्लक मोजा, असा क्रम होता. तसं केलं तर पडद्यावर सगळी औषधं शून्य. क्रम उलटा पाहिजे होता. बाईंनी चिंचोका टाकला नाही, अख्खी मूठ ताटलीत उपडी केली. त्याच दिवशी पान सुधारून नव्या सीड्या एसटीने रवाना केल्या.

संपलं, असं आम्हाला वाटलं.

ऑक्टोबर संपला त्या दिवशी वडनेरच्या दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला. कपाट भरलेलं आणि पडद्यावर सगळं शून्य. फोन नेमका साहेबांनी उचलला. ठेवून म्हणाले, "मी वह्यांची ऑर्डर देऊन ठेवतो." बाई मला म्हणाल्या, "वडनेरले जा. ती काय पाहून करते ते डोळ्यानं पाहून या."

मी गेले. सिस्टर तिशीची, तिखट. तिने ते जुनं पान हिंगणघाटहून छापून आणलं होतं, प्लास्टिकमध्ये घालून कॉम्प्युटरच्या वर भिंतीला लावलं होतं. दसऱ्याला तिने कॉम्प्युटरची पूजा केली, तेव्हा पानाचीही केली. पानावर हळद, कुंकू, वर झेंडूची वाळलेली माळ. मी काढायला हात लावला तर सिस्टर ओरडली.

"काकू, हात नका लावू! पूजेचं आहे ते."

"चुकीचं आहे ते."

"असू द्या. पूजा झाली ना त्याची."

"अवं, पडद्यावर नवं पान आलं. त्यात सुधारून लिहिलं आहे."

"पडद्यावरचं दर महिन्याले बदलते. भिंतीवरचं एका जागी राह्यते. मी भरोसा कोणावर ठेवू?"

मी तिच्याच फोनवरून बाईंना सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "तिले विचारा, घरी गणपती बसवते काय?"

"बसवतो ना," सिस्टर म्हणाली.

"मग दहा दिवसांनी त्याचं काय करते, विचारा."

सिस्टर माझ्याकडे बघत राहिली आणि फिसकन हसली. आम्ही माळ काढली, प्लास्टिक काढलं. सिस्टरने गूळ-खोबरं घेतलं आणि दवाखान्यामागच्या नाल्यात पान रीतसर सोडलं. गणपतीला पुढच्या वर्षी लवकर या म्हणतात. सिस्टर हात जोडून म्हणाली, "पुन्हा नको येजो, बाप्पा."

परत आले तेव्हा बाईंनी प्रत्येक पानाच्या तळाशी आपोआप तारीख पडेल अशी सोय केलेली होती. त्याखाली एक ओळ. 'भिंतीवरच्या पानावर याहून जुनी तारीख असेल तर ते पान पाण्यात सोडा.'

साहेब म्हणाले, "ऑफिसच्या कागदात असं लिहितात का?"

"लिहिलं तर करतात साहेब."

मी मात्र तोंडावर विचारलं, "ते पान ताटलीशिवाय काऊन पाठवलं?" बाई पुढचं पान टाइप करायला लागल्या.

उत्तर दुसऱ्या दिवशी मिळालं. मी वाचत होते. एका ओळीला अडले. चिंचोका पडला, पण टण्ण वाजलं नाही. पुढच्या ओळीलाही तसंच. मी वळून पाहिलं. दोन्ही चिंचोके फरशीवर होते. ताटली मांडीवर होती आणि बाईंचा हात तिच्या बाजूला.

"बाई, ताटली इकडं आहे."

त्यांनी हाताने चाचपून ताटली धरली.

"काचबिंदू आहे," म्हणाल्या. "डावा गेला. उजव्यानं नळीतून पाहिल्यावाणी दिसते."

"डॉक्टर काय म्हणते?"

"थेंब टाका म्हणते. गेलं ते येत नाई, म्हणते."

"म्हणून घाई केली होती?"

"म्हणून."

"साहेबाले सांगितलं?"

"सांगितलं तर आजच वह्या काढतील."

"मी खोटं नाई बोलत. मले विचारलं तर सांगीन."

"विचारलं तर सांगा."

मला कोणी विचारलं नाही. झाडणाऱ्या बाईला कोणी काही विचारत नाही.

समजूत घालणं मला जमत नाही. मी म्हटलं, "मग कामाले लागा." बारा दिवस होते आणि सव्वीस पानं उरली होती. मी पडद्यावरचं मोठ्याने वाचायची, बाई सांगायच्या काय बदलायचं, आणि स्वतःच टाइप करायच्या. नजर समोरच्या भिंतीकडे, बोटं अक्षरांवर. एक अक्षर चुकत नव्हतं. लोडशेडिंगमध्ये कॉम्प्युटर बंद पडला की आम्ही पुढचं पान तोंडानेच करायचो. त्या ओळ सांगायच्या, मी टेबलावर बोट ठेवून इथे दाबलं, तिथे लिहिलं म्हणायची, आणि अडले की चिंचोका. आता ताटली मी धरायची.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. फूल काढायचं, रंग द्यायचा, तर डोळा लागतो. जाळीची खूण आणि आडवी रेघ बोटाला सापडते.

"तुम्ही पहिल्यापासून हे धरून चालल्या होत्या काय?" मी विचारलं.

"थोडंसं," बाई म्हणाल्या. "वाचा आता. पुढं काय आहे?"

मोजणीच्या दिवशी साहेबांनी फोन आपल्या टेबलावर नेऊन ठेवला. बाई आपल्या जागेवर, हात मांडीवर. सकाळपासून फोन वाजला नाही. दुपारी वाजला, तो गॅसवाल्याचा. संध्याकाळी पुन्हा वाजला. साहेबांनी बाईंकडे पाहत उचलला. वडनेरची सिस्टर होती.

"काय अडलं?" साहेब.

"कायच नाई अडलं. मोजणी झाली. नवं पान भिंतीले लावू काय, का लावू नको, एवढंच विचारून राह्यली."

साहेबांनी फोन परत बाईंच्या टेबलावर आणून ठेवला. वह्यांची ऑर्डर त्यांनी रद्द केली, ते मी त्यांचं टेबल पुसायला गेले तेव्हा तिथल्या कागदावरून मला कळलं.

मग एकच पान उरलं. फाइल कशी बदलायची आणि वेबसाइट पुन्हा कशी तयार करायची, त्याचं पान. "हे पास झालं की मी सुटली," बाई म्हणाल्या. दिवाळीनंतर पहिल्याच सकाळी मी बसले. फाइल उघडली, ओळ लिहिली, हुकूम दिला. वेबसाइट नवी झाली, खाली आजची तारीख आली. ताटली कोरी होती. तरी मी बसून राहिले.

"थांबल्या काऊन?" बाईंनी कान टवकारले.

"पान कोणी लिहिलं ते कुठंच नाई. तुमचं नाव टाका खाली."

"नाव वाचून कपाट उघडते काय?"

"नाई उघडत."

"मग नाई लागत."

म्हणून मी इथेही लिहिलेलं नाही. मला पटलं होतं असं नाही. पण पान त्यांचं होतं.

महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. डोळ्यांचं साहेबांना तेव्हा कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नाई." बाई अमरावतीला भावाकडे गेल्या. जाताना मला ते टायपिंगच्या क्लासचं फडकं दिलं. मी त्याने कॉम्प्युटर पुसते. ताटली माझ्याकडेच राहिली होती.

पुढच्या उन्हाळ्यात संस्थेने दवाखान्यांना फ्रीज दिले. थंड ठेवायच्या औषधांची मोजणी वेगळी करायची ठरली. पान बदलायला हवं होतं. नवा टायपिस्ट मिळाला नव्हता. मी बाईंचं शेवटचं पान समोर उघडलं आणि त्याबरहुकूम फाइल काढली. एकेक अक्षर शोधत, आडवी रेघ देऊन तीन ओळी लिहिल्या. दोन तास गेले. हुकूम दिला. वेबसाइट झाली, खाली तारीख पडली. मला वाटलं, बाईंना फोन करून सांगावं. मग वाटलं, त्या एकच विचारतील, ताटलीत किती पडले?

दोन दिवसांनी वडनेरची सिस्टर औषधं न्यायला आली. मी तिला खुर्चीत बसवलं, ताटली मांडीवर घेतली आणि कुंपणाजवळून चिंचोके वेचून आणले.

ती माझ्या दुसऱ्या ओळीला थांबली.

टण्ण.

"हे काय काकू?"

साठ वर्षं जे तोंडातून काढलं नव्हतं ते काढायला वेळ लागला. सिस्टर वळून माझ्याकडे बघत होती.

"तू थांबली," मी म्हटलं. "चूक माही. ऊठ, मले बसू दे."